नीट पिन मारणाऱ्या मूर्खाची स्तुती

दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात समर्थांनी मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला. त्या यादीत पुढच्या पिढ्यांनी आपापल्या परीने भर घातली आहे. गच्चीवरून घरात टीव्हीची केबल आणायच्या अर्ध्या तासाच्या कामाला जो माणूस अख्खी दुपार घेतो, पिन मारल्यावर जो ती ओढून पाहतो, स्प्लिटरच्या रिकाम्या भोकालाही जो टोपी लावतो आणि ढग गडगडले की जो शिडी सोडून खाली उतरतो, त्याला आज सोसायटीत, दुकानात आणि त्याच्याच धंद्यातल्या लोकांत मूर्ख म्हणतात. मला हा मूर्ख फार मोठा माणूस वाटतो. त्याचे गुण जरा सविस्तर सांगावेत म्हणून हे लिहीत आहे. लिहिताना मी त्याला मूर्खच म्हणणार आहे, आणि शहाण्यांना शहाणे. लोकांनी ठरवलेली नावे बदलण्याचा मला अधिकार नाही.

आधी शहाण्यांची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. शहाणा माणूस ब्लेडने केबल सोलतो, जाळी बोटाने मागे सारतो, पिळून बसवायची पिन त्यावर फिरवतो, सेट-टॉप बॉक्सला लावतो आणि म्हणतो, "आलं ना चित्र, काकू? मग झालं!" त्याचे म्हणणे खोटे नाही. चित्र खरोखरच आलेले असते. कोॲक्सियल केबलचा स्वभावच असा आहे की वाईट जोडली तरी पहिल्या दिवशी ती चालते. विजेच्या वायरिंगमध्ये चूक झाली तर फ्यूज उडतो, नळ नीट बसला नाही तर पाणी ठिबकते. ही केबल मात्र तक्रार न करता चूक पोटात घेते आणि कित्येक महिन्यांनी, बहुधा पावसाळ्यात, ती बाहेर काढते. तोवर शहाणा माणूस पैसे घेऊन गेलेला असतो, आणि काकू सेट-टॉप बॉक्सला दोष देत असतात.

मूर्खाला हे माहीत असते, कारण केबलच्या आत काय चालले आहे याचा त्याने विचार केलेला असतो. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने १८८० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. मधोमध एक तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर, त्यावर धातूचे वेष्टन. मूळ कल्पना तेव्हापासून तीच आहे. आज घरोघरी येणाऱ्या आरजी-६ केबलमध्ये मधली तार साधारण १ मिलिमीटर जाडीची असते, भोवती फेसाळ प्लास्टिक, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर बारीक जाळी आणि सर्वांत वर काळे आवरण. सिग्नल मधल्या तारेच्या पोटातून जात नाही. तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून, म्हणजे त्या फेसाळ प्लास्टिकमधून, तो लाटेच्या रूपात सरकतो. तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधले प्लास्टिक यांवर त्या वाटेचा स्वभाव ठरतो. टीव्हीच्या केबलमध्ये तो ७५ ओहम ठेवतात. हे ७५ ओहम मल्टिमीटरवर कधीच दिसत नाहीत, कारण तो तारेचा रोध नाही, लाटेला भेटणारा रोध आहे. जिथे केबल चेपली, मुरगळली किंवा अर्धवट सोलली गेली, तिथे हा आकडा बदलतो आणि लाटेचा काही भाग तिथूनच मागे फिरतो.

ज्यांनी नव्वदच्या दशकातला केबल टीव्ही पाहिला आहे त्यांनी ही मागे फिरलेली लाट डोळ्यांनी पाहिली आहे. पडद्यावरच्या प्रत्येक चेहऱ्याच्या उजवीकडे एक फिकट सावली असायची, आणि आपण तिला "डबल दिसतंय" म्हणायचो. १०० मीटर केबलच्या दोन्ही टोकांवर आपटून आलेली लाट जवळजवळ ०.८ मायक्रोसेकंद उशिरा पोचते, आणि ४० सेंटिमीटर रुंद पडद्यावर तेवढ्या उशिराचे सुमारे ६ मिलिमीटर होतात. खराब जोडणी अशी मोजून दाखवता येत असे. मग केबल डिजिटल झाली. मुंबईत २०१२च्या अखेरीस, आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ मध्ये. सावली गेली, लोकांना आनंद झाला. पण सावलीबरोबर इशाराही गेला. डिजिटल चित्र सिग्नल कमी कमी होत असताना अगदी स्वच्छ दिसत राहते, मग एके दिवशी चौकोन फुटतात आणि पडदा काळा पडतो. मधली पायरीच नाही. म्हणून मूर्ख चित्राकडे पाहतच नाही. घरातले सगळे पडद्याकडे बघून खूश होत असतात तेव्हा तो केबलच्या टोकाकडे टॉर्च मारून बघत असतो.

त्या टोकाविषयी थोडे बोलायला हवे, कारण त्याचे सगळे वेड तिथे एकवटलेले आहे. टीव्हीच्या एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे ज्याला सगळे पिन म्हणतात त्यात, मधली सुई वेगळी नसते. केबलची मधली तारच सुई म्हणून बॉक्समध्ये शिरते. यामुळे तो स्वस्त पडला आणि जगभर पसरला, आणि याच कारणाने त्याची सगळी गुणवत्ता सोलणाऱ्याच्या हातावर आली. मूर्ख दोन पात्यांचा स्ट्रिपर वापरतो. एक पाते बाहेरचे आवरण कापते, दुसरे जाळी, फॉइल आणि फेस कापून मधल्या तारेपाशी थांबते. साधारण सव्वासहा मिलिमीटर उघडी तार आणि तेवढाच जाळीचा पट्टा. जाळी तो पूर्ण मागे उलटवतो, फेसाला चिकटलेली फॉइल मात्र जागेवर राहू देतो. आणि मग थांबून बघतो, की जाळीचा एखादा केस पुढे राहून मधल्या तारेला टेकत तर नाही. असा एकच केस सगळे घर बंद पाडतो, आणि तो शोधायला नंतर अख्खी सकाळ जाते.

मधल्या तारेवर ओरखडा गेला तर तो टोक कापून टाकतो आणि पुन्हा सोलतो. यावर दुकानदार हसतात. पण आरजी-६ची मधली तार बहुतेक वेळा तांब्याची नसतेच. आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ते चालते, कारण १०० मेगाहर्ट्झच्या आसपास प्रवाह तांब्याच्या वरच्या ६-७ मायक्रॉनमध्येच वाहतो आणि आतल्या पोलादाला स्पर्शही करत नाही. म्हणजे ब्लेडने तांबे खरवडले की नेमका रस्ताच खरवडला गेला. उघड्या पडलेल्या पोलादाला ओलाव्यात गंज चढतो तो वेगळाच. छत्रीचे काम असेल तर मूर्ख आणखी एक गोष्ट बघतो. डिशच्या तोंडावरच्या एलएनबीला वीजही याच तारेतून जाते. १३ व्होल्ट दिले तर एक ध्रुवण, १८ दिले तर दुसरे. या डीसी प्रवाहाला मात्र तारेचा पूर्ण गाभा लागतो आणि पोलादाचा रोध तांब्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून लांब अंतर असेल तर तो अस्सल तांब्याच्या तारेची केबल मागतो. गिऱ्हाईक म्हणते, "दादा, बाहेरून तर दोन्ही सारख्याच दिसतात." दिसतातच. फरक असतो तो आत.

पिन मारायला तो दाबयंत्र वापरतो. पिळून बसवायची पिन हाताने बसते म्हणून हातानेच सुटते. उन्हाळ्यात आवरण फुगते, थंडीत आकसते, आणि दोनेक ऋतूंत ती सैल होते. दाबून बसवलेली पिन केबलला चहूकडून सारखी आवळते. बसवल्यावर तो ती ओढतो, जोर लावून ओढतो. निघाली तर आत्ता निघावी, हे त्याचे म्हणणे. यात मला मोठी नम्रता दिसते. स्वतःच्याच कामावर संशय घेणारा कारागीर हल्ली दुर्मीळ झाला आहे.

केबल भिंतीवरून नेताना त्याच्या वेडाला बहर येतो. कोपरा आला की शहाणा माणूस केबल काटकोनात मुडपतो, वर एक खिळा ठोकतो. मूर्ख केबलच्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान वळण घेत नाही. आरजी-६साठी ते जवळजवळ ७ सेंटिमीटर होते, आणि घरमालकिणीला त्या गोलाईची शोभा पटत नाही. खिळा आवरणावर बसला तर आतला फेस चेपतो आणि ७५ ओहमचा हिशेब तिथेच मोडतो. बाहेरच्या बाजूला तो काळी पॉलिथिनची केबल घेतो, कारण त्या काळेपणात उन्हापासून वाचवणारी काजळी असते. भिंतीत शिरण्याआधी केबल खाली झोकून मग वर घेतो, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडते आणि भोकातून आत शिरत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला उतरते पाडतो. बाहेरच्या पिनेवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळतो. कोकणात ज्याने एक जून काढला आहे त्याला याचे महत्त्व सांगावे लागू नये. जाळी पाणी शोषून घेते आणि ते केबलच्या आतून मीटरच्या मीटर सरकत जाते. एलएनबीचा डीसी असेल तर त्या ओलाव्यात पिन हिरवी पडून झिजून जाते. बिघाड दिवाणखान्यात दिसतो, पाणी मात्र तीन मजले वर शिरलेले असते.

आता ती रिकाम्या भोकावरची टोपी. चार भोकांचा स्प्लिटर लावला आणि टीव्ही तीनच असले, तर मूर्ख चौथ्यावर एक छोटी टोपी लावतो. तिच्या आत ७५ ओहमचा रोधक असतो. "वायरच नाही तिथे, मग टोपी कशाला?" असे विचारतात. कारण रिकामे भोक लाटेच्या दृष्टीने भिंत आहे. तिथे पोचलेली लाट जशीच्या तशी परत येते आणि उरलेल्या तीन टीव्हींत लुडबुड करते. रोधक ती गिळून टाकतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही संगणक प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारावे. तेव्हाचे टेनबेसटू इथरनेट एकाच बारीक कोॲक्सवर चाले; जास्तीत जास्त १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमच्या बीएनसी टोप्या. कुणी झाडताना एक टोपी काढून ठेवली की सगळ्या प्रयोगशाळेचे जाळे बंद. एकही संगणक बिघडलेला नाही, एकही तार तुटलेली नाही, फक्त टोकाला लाट गिळणारे कुणी नाही. त्या काळातल्या प्रयोगशाळा सहायकांनी टोपीचा मान राखायला शिकून घेतले होते.

हे सगळे मी त्याच्या कसबाचे कौतुक म्हणून सांगितले. पण मूर्खाविषयी मला आदर वाटतो तो जिवाच्या बाबतीत. जाळीला हात लावण्यापूर्वी तो मीटर लावतो. शहाण्यांच्या मते केबलमध्ये करंट नसतो. असतो. रस्त्यावरच्या मुख्य केबलमधले ॲम्प्लिफायर बऱ्याच ठिकाणी त्याच केबलमधून ६० किंवा ९० व्होल्ट एसीवर चालवले जातात. ती ओल्या हातांनी कापायची वस्तू नाही. घरातली गोष्ट वेगळी. दोन पायांच्या प्लगचे सेट-टॉप बॉक्स जोडलेले असतात तेव्हा त्यांच्या आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते आणि जाळीवर मीटर १०० व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो. हाताला झिणझिण्या येतात, तेवढेच. पण कुठल्यातरी घरातल्या बिघडलेल्या उपकरणातून फेजच जाळीवर आला असेल, तर नुसत्या आकड्यावरून ते खात्रीने सांगता येत नाही आणि परिणाम जीवघेणा असतो. निऑनचा टेस्टर दोन्हींत सारखाच पेटतो. म्हणून मूर्ख मीटरसोबत एक छोटा दिवा जाळी आणि अर्थिंग यांच्यामध्ये धरून पाहतो. गळती असेल तर आकडा कोसळतो. फेज असेल तर दिवा पेटतो. दिवा पेटला की तो हत्यारे पिशवीत भरतो आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणतो. त्या दिवशी चित्र येत नाही. लोक रागावतात. तो उद्या पुन्हा येतो.

दोन इमारतींमध्ये केबल टाकायची असेल तर तो त्याहून घाबरट होतो. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये काही व्होल्टचा फरक असू शकतो आणि केबलची जाळी जोडली की तो प्रवाह जाळीतून वाहू लागतो. सीसीटीव्हीच्या केबलवर काम करणाऱ्यांना पडद्यावर वरखाली सरकणारे आडवे पट्टे दिसतात. त्यांतले पुष्कळसे या फरकाची देणगी असतात. लोक कॅमेरा बदलतात. मूर्ख टोके जोडण्याआधी दोन जाळ्यांमधला व्होल्टेज मोजतो. आणि एक काम तो कितीही पैसे दिले तरी करत नाही: विजेच्या तारांवरून केबल फेकणे. या गच्चीवरून त्या गच्चीवर दगड बांधून केबल भिरकावणे हे आपल्या शहरांत धाडसाचे काम समजले जाते. खाली लोंबणाऱ्या तारेला ती ओली केबल कधी टेकेल आणि दुसऱ्या टोकाला धरणाऱ्या पोराचे काय होईल, हा विचार मूर्खाला केबल फेकण्याआधीच येतो.

एप्रिल-मेच्या वळवात मराठवाडा-विदर्भातल्या आकाशाला विजांचा जोर असतो. गच्चीवरच्या डिशची जाळी इमारतीत शिरण्याआधी मूर्ख अर्थिंगला जोडतो, शक्य तितक्या तोकड्या तारेने. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने घरांसाठी ही तार २० फुटांच्या आत ठेवा असे म्हटले आहे, कारण विजेच्या क्षणिक लाटेला लांब तार म्हणजे मोठा अडथळा. शहाणा माणूस गच्चीवरच एक वेगळी सळई ठोकून मोकळा होतो. ती सळई इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली नसेल, तर वीज जवळपास कोसळली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो टीव्हीच्या पोटातून मिटतो. मूर्ख दोन्ही एकमेकांना जोडतो. इतके करूनही थेट कोसळलेल्या विजेपुढे याचा उपयोग होईल असे तो सांगत नाही. वळीव आला की पिन काढून ठेवा, एवढेच सांगतो. स्वतः तर पहिल्या गडगडाटालाच शिडीवरून खाली असतो. ही भीती त्याला लाज वाटण्यासारखी वाटत नाही, मलाही वाटत नाही.

शेवटी तो मोजतो. मल्टिमीटरने टोके उघडी ठेवून तार-जाळी जोडलेली नाहीत ना, मग एक टोक जोडून तार अखंड आहे ना. एवढ्यावर तो थांबत नाही, कारण चेपलेली केबल या दोन्ही परीक्षांत पहिल्या वर्गात पास होते. म्हणून सिग्नल लेव्हल मीटर लावून टोकाशी किती डेसिबल उरले ते तो डबीच्या झाकणावर लिहून ठेवतो. आरजी-६ हजार मेगाहर्ट्झच्या सुमारास १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल गिळते, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. दोन वाटांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल घेतो, म्हणजे निम्म्याहून जरा जास्तच. हिशेबापेक्षा आकडा कमी आला तर कुठेतरी चूक दडली आहे. शहाणा माणूस अशा वेळी बूस्टर लावतो. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो, आणि चूक जिथल्या तिथे राहते. मूर्ख चूक शोधतो. मोठ्या इमारतीत तो टीडीआर नावाचे यंत्र आणतो. ते केबलमध्ये एक ठिणगीएवढी लाट सोडते, परतायला लागलेल्या वेळेवरून आणि केबलमधल्या लाटेच्या वेगावरून, जो प्रकाशाच्या वेगाच्या ८०-८५ टक्के असतो, चूक किती मीटरवर आहे ते सांगते. मग तो त्या मीटरवर जातो आणि तिथे खिळा सापडतो.

सैल पिनेचा परिणाम एका घरापुरता राहतो असेही नाही. केबलच्या आत ज्या फ्रिक्वेन्सीवर वाहिन्या धावतात त्यांतल्याच १०८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बाहेर हवेत विमाने आपला मार्ग शोधत आणि नियंत्रण कक्षाशी बोलत असतात. जाळी नीट आवळलेली नसेल तर केबल बाहेर बोलू लागते. म्हणून अमेरिकेत केबलमधून हवेत किती गळती चालेल याची मर्यादा कायद्याने घातली आहे. मूर्खाने घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत आवळलेली पिन आकाशातल्या वैमानिकाच्याही कामी येते, याची कल्पना ना वैमानिकाला असते ना इमारतीला.

आणि त्याचे सर्वांत न पटणारे वेड तर काम संपल्यावर सुरू होते. नवी केबल चालू झाली की तो जुनी काढायला लागतो. आपल्या शहरांत खांबांवरून, झाडांवरून, गॅलरीच्या गजांमधून मेलेल्या केबलींची भेंडोळी लोंबत असतात. ऑपरेटर बदलला, डिश आली, फायबर आले, पण जुने कुणी उतरवले नाही, कारण उतरवायचे पैसे कुणी देत नाही. त्यांच्यात जिवंत केबल कोणती आणि मेलेली कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. आग लागली तर प्लास्टिकचा तो सगळा गठ्ठा धुरासाठी तयारच असतो. अमेरिकेच्या त्याच कोडने २००२ पासून इमारतींतली वापरात नसलेली केबल काढणे बंधनकारक केले. आपल्याकडे हे काम मूर्खाच्या मर्जीवर चालते. तो पुन्हा शिडी चढतो, जुन्या केबलला मीटर लावतो, ती मेलेली आहे याची खात्री करतो, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत क्लिपा उपटत येतो आणि ती गुंडाळून पिशवीत भरतो. गॅलरीतून कुणीतरी विचारते, "अहो, याचे वेगळे पैसे नाहीत हां!" तो "माहीत आहे, मावशी," म्हणतो आणि उरलेल्या क्लिपा काढायला लागतो.